दोन पानांचा जंत

"आला! आला! जंत आला!"

चितेगावात, कंपन्यांच्या मागच्या पटांगणात, असा गलका उठला की रसवंतीवाल्याचा हात चरकावरच थांबला. माणसं टाचा उंच करून बघायला लागली. मागच्यांना काही दिसत नव्हतं म्हणून ती पुढच्यांना विचारत होती. पुढच्यांनाही काही दिसत नव्हतं, तरी ती छातीठोकपणे सांगत होती, "केवढा निघाला बगा! बोटाएवढा हाय!"

बोटाएवढा बिटाएवढा काही नव्हता. तांदळाच्या कणीएवढा होता. करुणानं तो स्वतः बघितला, कारण करुणा कोपरं मारत मारत पार पहिल्या रांगेत जाऊन पोचली होती. करुणा दहावीत होती. वर्गात उंचीनं सगळ्यात शेवटी, बोलण्यात सगळ्यात पुढं. यंदा वक्तृत्वाच्या स्पर्धेत तिला तालुक्यात पहिला नंबर मिळाला आणि तेव्हापासून तिचा आवाज घरात, दारात, नळावर, सगळीकडं एक पट्टी वर चढला होता. जगात आपण नीट बोललो की लोकांना पटतंच, अशी तिची पक्की समजूत झाली होती. या गोष्टीत त्या समजुतीचं काय झालं, तेच सांगायचं आहे.

तर पटांगणाच्या मधोमध पितळी परात. परातीत पाणी. पाण्यात वीट आणि विटेवर रसरशीत तापवलेला लोखंडाचा तुकडा. धुरीबाबाच्या चेल्यानं ओरबाडलेल्या बोटांनी त्यावर चिमूटभर 'विभूती' टाकायची, वर तेलाचे थेंब सोडायचे आणि बुडाला भोक पाडलेलं गाडगं झटकन उपडं घालायचं. भोकात पपईच्या पानाची पोकळ दांडी खोचलेली. दांडीचं दुसरं टोक रोग्याच्या तोंडात. आत चट् चट् आवाज व्हायचा, धूर रोग्याच्या छातीत शिरायचा, रोगी खोकून खोकून लाल व्हायचा. मग गाडगं उचललं की परातीतल्या पाण्यावर पांढरे, आकडा वळलेले बारीक बारीक जंत तरंगत असायचे.

"बगा! बगून घ्या!" धुरीबाबा दोन्ही हात वर करून ओरडायचा. "क्षयाचा जंत हाय हा! डाक्टरला दिसत नाय, मशीनला दिसत नाय, फोटोत दिसत नाय! का दिसत नाय? अरे, छातीचा फोटो काढताना फोटोवाला काय म्हणतो?"

"श्वास रोखा म्हणतो!" गर्दी.

"बरोबर! तुमी श्वास रोखला, की जंतबी रोखतो! गुपचूप बसतो लेकाचा! फोटो बिलकुल साफ! पण धुरीम्होरं याची हुशारी खलास!"

लोक हसले, हात जोडले, कुणीतरी जयजयकार केला. बाबा कुठून आला कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे कन्नडच्या घाटातून आला, कुणी म्हणे थेट हिमालयातून. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात भगवी कफनी आणि मनगटावर इतकं मोठं घड्याळ की भिंतीवरचं काढून बांधलंय असं वाटावं.

करुणाला हसू येत होतं. मग रांगेत पुढचा माणूस आला आणि तिचं हसू गेलं.

तो बद्रीनाथ होता. तिच्या मैत्रिणीचा, अमृताचा थोरला भाऊ. पत्र्याच्या कंपनीत कामाला, कबड्डीत आख्ख्या वस्तीचा हुकमी गडी. हिवाळ्यात त्याला क्षय निघाला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू झाल्या, ताप गेला, खोकला कमी झाला, गालावर जरा मांस दिसायला लागलं. अजून निम्म्या गोळ्या व्हायच्या होत्या. आणि आता तो परातीसमोर उकिडवा बसून पपईची दांडी तोंडात धरत होता. शेजारी त्याची आई वच्छलाबाई पदर पसरून बसली होती, मागं अमृता.

धूर आत गेला. बद्रीनाथ एवढा खोकला की त्याला दोघांनी धरावं लागलं. बाबा आनंदानं नाचला. "हालला! आतला जंत हालला!" गाडगं उचललं. जंत तरंगत होते. वच्छलाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

"माउली, आता गोळ्या?" तिनं विचारलं.

"गोळ्या?" बाबा खो खो हसला. "शत्रू मेला, आता गोळी कुनाला मारनार? घरच्यालाच! बंद करा आजपासून!"

"अहो, मधेच नाही बंद करायच्या!" करुणा ओरडली. पण जयजयकाराचा दुसरा दणका उठला आणि तालुक्यात पहिला आलेला तो आवाज शेजारच्या बाईलासुद्धा ऐकू गेला नाही.

वच्छलाबाईनं ते जंत बाबाकडून मागून घेतले. खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून त्यात सोडले आणि घरी देव्हाऱ्याजवळ ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बाटली दाखवायची. "हे बगा, ह्येच खात होते माझ्या लेकराला."

आता तुम्ही म्हणाल, क्षयाला आणि जंताला जोडलं कुणी? तर ऐका. जोडलं आपल्याच माणसांनी. अगदी चांगल्या माणसांनी.

करुणाची आई गीताबाई पॅकिंगच्या कामाला जायची. करुणा लहान असताना गीताबाईला क्षय झाला होता. सगळ्या गोळ्या नेमानं खाऊन ती ठणठणीत बरी झाली आणि तेव्हापासून उजेड महिला मंडळाच्या बायकांबरोबर वस्तीत फिरून क्षयाबद्दल बोलायची. मोठ्या माणसांनाही क्षयाची लस द्यायचं ठरलं, तेव्हा मोहिमेच्या डॉक्टर मॅडम मंडळाकडंच आल्या. म्हणाल्या, आधी लोकांशी बोलू, मगच लस आणू. केवढी चांगली गोष्ट! समाजमंदिरात बैठक झाली, चहा झाला, शंभरेक माणसं आली.

मॅडम साधंच बोलल्या. "ज्यांच्या घरात क्षयाचा रोगी आहे, ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेलाय आणि जी वयस्कर माणसं आहेत, त्यांना ही लस द्यायची आहे. हिच्यात क्षयाच्या जंतूंच्या भावकीतले, पण अशक्त केलेले जिवंत जंतू असतात. शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं."

मॅडम म्हणाल्या जंतू. वस्तीनं ऐकलं जंत.

आणि का ऐकू नये? शाळेत पोरांना दर वर्षी जंताची गोळी मिळते. जंत सगळ्यांनी बघितलेला असतो. जंतू कुणी बघितलाय? घराघरांत पोचेपर्यंत गोष्ट अशी झाली होती: "जिवंत जंत टोचायलेत म्हणं दंडात. अशक्त हायेत म्हणं. पन आत जाऊन रक्त पिले, की व्हनार की तगडे!"

दुसरी चूक त्याहून मोठी होती. ही लस टोचली की काही आठवड्यांनी दंडावर फोड येतो, जरा पू येतो, मग तो वाळून वण राहतो. तान्ह्या बाळांना हीच लस देतात, त्यांच्या दंडावर येतो, अगदी तसाच. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण बैठकीआधी मंडळाच्या बायका, मॅडम आणि गीताबाई, सगळ्यांनी मिळून ठरवलं की फोडाचं आत्ताच नको सांगायला. लोक बिचकतील.

पहिल्या शिबिरात सगळ्यांसमोर पहिली लस गीताबाईनंच घेतली. करुणानं मोबाइलवर फोटो काढला. मागून थोड्या लोकांनी घेतली. आणि मग ठरल्याप्रमाणे, म्हणजे लोकांना न सांगता ठरल्याप्रमाणे, गीताबाईच्या दंडावर फोड आला. पिकला. ब्लाउजच्या बाहीवर डाग दिसायला लागला.

"गीताबाई, दंडाला काय झालं वो?"

"काही नाही, लस अशीच येते. बरं होतंय."

"मग आदी का नाय सांगितलं?"

गीताबाई नळावरून हंडा उचलून घरी आली. त्याच सुमारास धुरीबाबा वस्तीत उगवला. त्याला फारसं काही करावंच लागलं नाही. जंत आपण तयार ठेवला होता, भीती आपण तयार ठेवली होती, त्यानं फक्त परात आणली. क्षयाच्या रोग्यांच्या तोंडात नळी आणि लस घेतलेल्यांच्या दंडावर नळी. दोन्हीकडून जंत.

बद्रीनाथच्या धुरीची गोष्ट ऐकली तशी गीताबाई कामाचे कपडे न बदलता वच्छलाबाईच्या दारात गेली. करुणा मागोमाग.

"वच्छलाताई, गोळ्या नका थांबवू. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळंच वाटतंय. अर्ध्यात सोडल्या की रोग पुन्हा उठतो, आन् मग त्या गोळ्यांना दाद देत नाही. मी खाल्ल्यात. मला म्हाईत हाय."

वच्छलाबाई चुलीवरचा तवा उतरवत म्हणाली, "तुमी आधी तुमचा दंड बगा, गीताबाई."

"काकू, आई खरं सांगायली..." करुणानं सुरुवात केली.

"तू गप बस गं भाषणवाली! एकदा माइक हातात आला की पोरींना वाटतं, आपुनच डाक्टर." मग तिनं देव्हाऱ्याजवळची बाटली आणून गीताबाईच्या नाकासमोर धरली. "तुमचा जंतू दावा मला. दावा की! माझा हा बगा, हितं हाय. डोळ्यानं दिसतो. तुमचा कुटं हाय?"

आतल्या खाटेवर बद्रीनाथ भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो म्हणाला, "मावशी, गोळ्यांनी लई मळमळतं हो. आता नाय तर बरं वाटायलंय." बस्स. एवढंच.

परत येताना गीताबाई भराभर चालत होती. करुणाला राग आला होता, पण वच्छलाबाईचं एक वाक्य डोक्यातून जाईना. डोळ्यानं दिसतो. मग बघूच की!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं अमृताला गाठलं. "एक जंत आणून देशील?"

"कशाला गं?"

"बघायला. तू म्हणतेस जंत आहे, मी म्हणते नाही. सूक्ष्मदर्शक तुझा ना माझा, शाळेचा आहे."

"आन् जंतच निघाला तर?"

"तर मी येऊन बाबाच्या पाया पडीन. सगळ्यांसमोर!"

अमृता हळू आवाजात म्हणाली, "आन् नाय निघाला तर?" करुणानं नुसते खांदे उडवले. प्रश्न कळलाच नव्हता तिला. पुढं कळला.

अमृतानं कंपासपेटीच्या झाकणात ओल्या कापसावर जंत आणला. विज्ञानाच्या इंद्रजीत सरांनी काचपट्टी तयार केली. आधी अमृतानं बघितलं. मग करुणानं बघितलं. मग दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"सर," करुणा म्हणाली, "जंताला पानं असतात?"

सर वाकले. जंताचं एक टोक निमुळतं होतं आणि दुसऱ्या टोकाला, एकमेकांना चिकटलेली, दोन इवली इवली पानं होती. बी रुजताना आतून पहिल्यांदा डोकावतात, तसली. सहावीत सगळ्यांनी वाटीत मूग भिजवून बघितलेली.

"हा बियातला कोंब आहे," सर म्हणाले. "बियाच्या पोटात तो असा आकडा करून झोपलेला असतो. बाबा म्हणतो ती विभूती म्हणजे बी असणार. तापल्या लोखंडावर पडलं की तेलानं चटचट फुटतं आणि कोंब उडून पाण्यात पडतो. मोहरी फोडणीतून उडते तसा! आता एवढा बारीक आकडा कशाचा, ते शोधलं पाहिजे. वांगी, मिरची, त्याच कुळातलं काहीतरी दिसतंय."

करुणाला आठवलं. बाबाच्या चेल्याची बोटं! सगळी बारीक काट्यांनी ओरबाडलेली. वांग्याच्या कुळातलं आणि काटेरी असं इथं एकच होतं. पैठण रस्त्याच्या कडेला जमिनीसरपट पसरलेली रिंगणी. जांभळी फुलं, गोट्यांएवढी पिवळी फळं, आणि शेळीसुद्धा तोंड लावणार नाही असे काटे. शाळा सुटल्यावर दोघींनी ओढणी हाताला गुंडाळून फळं तोडली. बिया वाळवल्या. सरांनी प्रयोगशाळेत लोखंडाचा तुकडा तापवला, पाण्याच्या ताटात ठेवला, बिया, तेल, वर मडकं. चट् चट् चट्.

मडकं उचललं. ताटभर जंत!

करुणानं अशी उडी मारली की बाकावरची परीक्षानळी पडून फुटली. सर रागावलेसुद्धा नाहीत. अमृता मात्र ताटाकडं बघत उभी राहिली. "म्हणजे दादाच्या छातीतनं..." एवढंच म्हणाली आणि दप्तर उचलून निघून गेली.

पुढच्या रविवारी पटांगणात दुसरी परात आली.

गीताबाई होती, इंद्रजीत सर होते, मंडळाच्या बायका होत्या आणि मधोमध करुणा होती, कडक इस्त्रीचा शाळेचा ड्रेस घालून. सरांनी एकच अट घातली होती: धूर कुणाही माणसाच्या छातीत जाता कामा नये. म्हणून रोगी कोण, ते करुणानं आधीच ठरवून टाकलं होतं. बाबाला मांडव देणारे साहेबराव आपल्या बुलेटला टेकून उभे होते. गाव त्यांना मान द्यायचं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या बुलेटला.

"साहेबराव काका, तुमची गाडी खोकते का हो?" करुणानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"सकाळी चालू करताना खोकते की!"

"मग तिला क्षय झालाय! या, जंत काढू!"

हशा पिकला. खरंच, काय हशा होता तो! बाबाची रांगसुद्धा वळून बघायला लागली. करुणानं बिया टाकल्या, तेल सोडलं, गाडगं घातलं आणि पपईच्या दांडीचं टोक बुलेटच्या सायलेन्सरात खुपसलं. "जय धूरमाता! डाक्टरला दिसत नाय, गॅरेजवाल्याला दिसत नाय! श्वास रोखू नको गं बुलेट, श्वास रोखू नको!" पोरं लोळायला लागली. साहेबरावसुद्धा मिशीत हसले. चट् चट् झालं. गाडगं उचललं.

पाण्यावर जंत. ढीगभर. बाबापेक्षा जास्त.

माणसं परातीभोवती दाटली. करुणानं मूठ उघडून बिया दाखवल्या, पिवळं फळ दाखवलं, फळ फोडून दाखवलं. तिनं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. बी म्हणजे काय, कोंब म्हणजे काय, जंत वेगळा आणि जंतू वेगळा, जंतू एवढा बारीक की शंभर जंतू एकामागं एक उभे केले तरी डोळ्याला दिसायचे नाहीत. शेवटी म्हणाली, "हा चमत्कार नाही. हा मीपण करू शकते! तुम्हीपण करू शकता!"

मग बाबा आपल्या आसनावरून उठला. चालत आला, परातीत वाकून बघितलं, आणि करुणाच्या डोक्यावर हात ठेवून आभाळाकडं बघत ओरडला, "उतरली! पोरीच्या हातात सिद्धी उतरली! मी म्हनलंच होतं, या वस्तीत कुनीतरी हाय! निर्जीव गाडीतनं जंत काढला हिनं! जे मला जमलं नाय ते हिला जमलं!"

"नाही! अहो नाही!" करुणा हात झटकत म्हणाली. "बी आहे हे, बी!"

एका म्हाताऱ्यानं बाही वर सारली. त्यानं पहिल्या शिबिरात लस घेतली होती. "पोरी, माझ्याबी दंडातलं काढ."

"आजोबा, दंडात काही नाहीये. हे रिंगणीचं बी आहे."

"असू दे की. बी तर बी. सुईतनं घातलंया ना त्यांनी आमच्या अंगात? त्येच काढ म्हनतो."

त्याच्या मागं एक बाई उभी राहिली. तिच्या मागं आणखी एक. करुणाच्या डोळ्यांसमोर बाबाच्या परातीपुढची रांग विस्कटली आणि तिच्या परातीपुढं लागली. हसत होते तेच लोक. बुलेटवर लोळणारे तेच लोक. सर ओरडून सांगत होते, गीताबाई एकेकाचा हात धरून सांगत होती. रांग वाढत होती. करुणानं रडत रडत परातीतलं पाणी मातीत ओतून दिलं, तर दोन बायकांनी खाली वाकून ती ओली माती कपाळाला लावली.

रांगेत वच्छलाबाई नव्हती. ती बाजूला उभी होती. अमृतानं घरी तिला सगळं सांगितलं होतं. बाकी कुणाला नसेल, पण तिला आज नीट कळलं होतं. ती करुणाजवळ आली. आवाज अगदी बारीक.

"मग माझ्या बद्रीच्या छातीतनं काय निघालं?"

"काहीच नाही, काकू."

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

वच्छलाबाईनं तिचं मनगट धरलं. "म्हंजी... अजून आतच हाय?"

अमृतानं मधल्या सुट्टीत विचारलेला प्रश्न हाच होता. करुणाला तो आत्ता कळला. जंत खोटा म्हटला तर बद्रीनाथ आजारी होता. जंत खरा म्हटला तर तो बरा झाला होता. कुठली आई काय निवडेल?

"काकू, अजून वेळ गेलेली नाही. उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते, आई येते."

"जाऊ," वच्छलाबाई म्हणाली, आणि रांगेकडं, बाबाकडं, परत रांगेकडं बघत घरी निघून गेली. उद्या काही ती आली नाही. परवाही नाही. गीताबाई रोज जायची. दार रोज बंद असायचं. कडी आतून.

दार उघडलं ते बद्रीनाथच्या तोंडातून रक्त आलं त्या सकाळी. साहेबरावांची जीप मागवली आणि त्याला शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बेडका तपासला. डॉक्टरांनी सांगितलं ते गीताबाईनं घरी येऊन सांगितलं, पायरीवर बसून, चप्पल न काढता. आधीच्या गोळ्यांना रोग आता जुमानत नाही. दुसरी औषधं द्यावी लागतील. जड आहेत, लांबणारी आहेत. बघू म्हणाले.

धुरीबाबा तोवर गेला होता. एका रविवारी परात आली नाही, एवढंच. कुणी म्हणालं, आता तिकडं शेंद्र्याच्या कंपन्यांकडं बसायलाय. सरांनी तक्रारीचं बघितलं, पण 'मला फसवलं' असं पुढं येऊन सांगणारं आख्ख्या वस्तीत कुणी निघेना. पटांगणात काळी पडलेली वीट तेवढी राहिली.

मंडळानं पुन्हा बैठक घेतली. या वेळी मॅडमनी बोलायला सुरुवात केली तशी गीताबाईनं त्यांना थांबवलं आणि आधी स्वतःची बाही वर करून सगळ्यांना वण दाखवला. "असा फोड येतो. पू येतो. मी आधी सांगायला पायजे होतं. सांगितलं नाही. चुकलं." मग तिनं विचारलं, "जंतू म्हणलं की तुमच्या डोळ्यांम्होरं काय येतं?" कुणी जंत म्हणालं, कुणी अळी म्हणालं. एक बाई म्हणाली, "विरजणासारखं का वो? दिसत तर काय नाय, पन सकाळी दूध दूध राहात नाय." मॅडमनी ते लिहून घेतलं. चांगली बैठक झाली. पंधरा-वीस माणसं होती. मागच्या वेळी शंभर होती.

दुसऱ्या शिबिराच्या दिवशी समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या होत्या आणि बहुतेक रिकाम्या होत्या. करुणा दारात बसली होती. तिच्याशेजारच्या टेबलावर शाळेतून मागून आणलेलं भिंग होतं. लोक जाताना तिच्याकडं बघून हळूच हात जोडायचे. तिला कानकोंडं व्हायचं. लांबूनच नमस्कार. आत कुणी येत नव्हतं.

अमृता आली. तिनं ती खोबरेल तेलाची बाटली भिंगाशेजारी ठेवली, सरळ आत गेली आणि सिस्टरसमोर बाही वर करून बसली. "मला द्या. माझ्या घरात रोगी हाय."

"वय काय बाळा?"

"सोळा चालू हाय."

"अठरा पूर्ण लागतात गं. तुझ्या आईला पाठव ना."

अमृता तशीच बसून राहिली, दंड उघडा टाकून. सिस्टरलाही तिला ऊठ म्हणवेना. आई फाटकाबाहेर उभी होती. तिला लस चालत होती, ती आत येत नव्हती. पोरगी आत आली होती, तिला चालत नव्हती.

बऱ्याच वेळानं वच्छलाबाई फाटकातून आली, ती टेबलापर्यंतच. बाटलीतलं पाणी बशीत ओतलं. करुणानं भिंग पुढं केलं. वच्छलाबाई वाकली. कितीतरी वेळ वाकलेलीच राहिली.

"दोन पानं हायेत गं," ती म्हणाली. मग भिंग खाली ठेवून करुणाला विचारलं, "आदी का नाय दिसली मला?"

तालुक्यात पहिल्या आलेल्या करुणाला यावर एक शब्दही बोलता आला नाही.

म्हणून हे लिहून ठेवलंय. वाचणाऱ्या काकू, मावशी, आजोबा, दादा, कुणी का असेना, तुम्हाला हात जोडून सांगणं एवढंच. रिंगणी रस्त्याच्या कडेला कुठंही मिळते. भिंग कुठल्याही शाळेत असतं. कुणी छातीतून, दंडातून, दातातून काही काढून दाखवलं, तर पाया पडायच्या आधी परातीत वाकून बघा. लस घेऊन कुणी आलं, तर त्यालाही विचारा, टोचल्यावर काय होईल, फोड येईल का, किती दिवस राहील. विचारल्यावर कोण नीट सांगतं आणि कोण चिडतं, तेही बघा. सावकाश बघा, खात्री होईपर्यंत बघा. पण घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील, तर तुमचं बघून होईपर्यंत त्या थांबवू नका.